जेसीबी लावण्याआधी: उताराच्या जागेची परवानगी काढताना

वाटणीत माझ्या नावावर बारा गुंठे आले. जागा सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणाच्या अंगाला. वर वाडीचा रस्ता, खाली शेजारच्या काकींचं घर आणि त्यांच्या परसामागून वाहणारा पऱ्या. जमीन जांभ्याची: वर थोडी माती, खाली मुरूम, मग कातळ. घर बांधायचं ठरलं तेव्हा गावातून एकच सल्ला आला. आधी जेसीबी लावा, जागा लेव्हलला घ्या, नकाशाबिकाशाचं नंतर बघू.

हा सल्ला सगळीकडे इतका सर्रास दिला जातो की तो चुकीचा का आहे, हे नीट सांगायला हवं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातली 'विकास' या शब्दाची व्याख्या फक्त भिंती आणि स्लॅबपुरती नाही. जमिनीवर, जमिनीत किंवा जमिनीखाली केलेली अभियांत्रिकी कामंही त्यात येतात. म्हणजे उतार कापून सपाटी करणं हेच बांधकामाचं पहिलं पाऊल ठरतं, त्याची तयारी नव्हे. दुसरी गोष्ट मातीच्या मालकीची. 'माती तर आपलीच आहे' असं आपण म्हणतो, पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क राज्य शासनाचा आहे. मुरूम आणि दगड ही गौण खनिजं आहेत आणि भरावासाठी, सपाटीसाठी वापरली जाणारी साधी मातीसुद्धा केंद्राच्या २००० सालच्या अधिसूचनेने त्यात आली. विनापरवाना उत्खनन सापडलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि यंत्र जप्त होण्याची तरतूद त्याच कलमात आहे.

म्हणून आम्ही यंत्राच्या आधी मोजणी धरली. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला, हद्दी कायम झाल्या, हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा म्हणजे 'क' प्रत हातात आली. उताराच्या जागेत हद्दीचा प्रश्न सपाट जागेपेक्षा नाजूक असतो. आपण कापतो त्याच्या वर कुणाचं तरी काही उभं असतं आणि आपण भरतो त्याच्या खाली कुणीतरी राहत असतं. हातभर इकडेतिकडे झालं तर भराव दुसऱ्याच्या जमिनीवर जातो आणि एकदा माती पडली की जुनी खूण पुन्हा सापडत नाही.

हद्दीनंतर उताराची मोजणी. ही सरकारी मोजणीत मिळत नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून सर्व्हेअरने अर्ध्या अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून दिल्या. माझ्या मते या सगळ्या प्रवासात सर्वांत उपयोगी पडलेला कागद हाच. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, डोंगराळ भागासाठी १:५ ची रेघ आहे. पाच मीटर आडवं जाताना एक मीटर किंवा त्याहून जास्त चढ असेल, तर तिथे कापणी, भराव, सपाटी काहीही करता येत नाही. कोनात मांडलं तर हा उतार साधारण सव्वाअकरा अंशांचा. डोळ्याला तो फारसा वाटत नाही. आमच्या रस्त्यालगतचा वरचा पट्टा या रेघेच्या पलीकडे निघाला आणि खालचा मोठा भाग सरासरी १:८ चा. वरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरलं. त्यावर पुढे कुणाशीही वाद घालावा लागला नाही, कारण कागदावर आकडे होते.

मग आला आराखडा, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

घरासाठी आणि अंगणासाठी मिळून ३० मीटर खोल आणि २० मीटर रुंद जागा हवी होती. १:८ च्या उतारावर ३० मीटरमध्ये पावणेचार मीटरचा चढ येतो. यंत्रवाल्या भाऊंचं म्हणणं होतं, सगळं खालच्या लेव्हलला खेचून घेऊ, एकदम मैदान मिळेल, माती बाहेर देता येईल. आमच्या इंजिनिअरबाईंनी काटछेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढून हिशेब मांडला. तसं केलं तर सव्वाअकराशे घनमीटर, म्हणजे जवळजवळ चारशे ब्रास माती निघते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ब्रासला ६०० रुपयांनी नुसतं स्वामित्वधनच, म्हणजे खनिजाबद्दल शासनाला भरायची रक्कमच, दोन लाख चाळीस हजारांच्या घरात जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्त्याच्या बाजूला पावणेचार मीटरची उभी कड तयार होते, आणि तिच्या डोक्यावर वाडीतल्या गाड्या.

दुसरा पर्याय मधली पातळी धरण्याचा. वरचं अर्धं कापायचं, तेच खाली भरायचं. कापणी ९९ ब्रासवर येते, माती बाहेर जात नाही, पण खालच्या टोकाला काकींच्या बाजूला जवळजवळ दोन मीटरचा भराव उभा राहतो.

तिसरा पर्याय दोन टप्प्यांचा. वरचा टप्पा घराचा, खालचा अंगणाचा, प्रत्येकी १५ मीटर खोल. यात कापणी थेट निम्म्यावर, ५० ब्रासवर आली. वरची कड आणि खालचा भराव दोन्ही एक मीटरच्या आत. मधली पायरी मात्र पावणेदोन-दोन मीटरची येते, पण ती आमच्याच हद्दीत, आमच्याच डोळ्यांसमोर आणि तिच्या खाली आमचंच अंगण. धोका घ्यायचाच असेल तर तो स्वतःच्या आवारात घ्यावा, हा इंजिनिअरबाईंचा विचार मला फार पटला. शेतीत पिढ्यानपिढ्या डोंगरउतारावर लहान लहान टप्पे पाडले जातात, ते याच हिशेबाने. एका मोठ्या मैदानाचा हट्ट यंत्र आल्यावर सुरू झाला.

नकाशावर त्यांनी वरचा टप्पा असा बसवला की घराचे कॉलम शक्यतो कापलेल्या, मूळ जमिनीवर यावेत. जे दोन भरावावर येत होते त्यांचे पाये भराव ओलांडून मूळ मुरमापर्यंत नेले. अर्धं घर कापणीवर आणि अर्धं भरावावर टेकवलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रमाणात बसतात आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. या गोष्टीसाठी कोणत्याही कार्यालयाचा शिक्का लागत नाही, पण घराचं आयुष्य तिच्यावर असतं.

आता कार्यालयं. आमची जागा गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, म्हणून नकाशे नगररचना शाखेच्या छाननीला गेले. सोबत सातबारा, आठ अ, मोजणीची 'क' प्रत, समोच्च नकाशा, दोन काटछेद. ग्रामपंचायतीचं पत्र आणि रस्त्याचा पुरावा यांत विशेष काही नव्हतं, ते सरळ मिळालं. तोडायला लागणार होती ती झाडं अर्जात स्वतंत्र दाखवली. खासगी जागेतलं झाड असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीतलं असेल तर परवानगी लागते, आणि ती जेसीबीच्या परवानगीत आपोआप येत नाही.

छाननीत एक त्रुटी निघाली आणि ती अगदी योग्य होती. नकाशावर जोत्याची पातळी होती, पण ती कशाच्या तुलनेत धरली ते लिहिलेलं नव्हतं. सपाटी झाल्यावर मूळ जमीन दिसतच नाही, मग घराची उंची मोजायची कुठून? वाडीच्या रस्त्यावरच्या मोरीचा कठडा कायम बिंदू म्हणून धरला, सगळ्या पातळ्या त्यावरून लिहिल्या. पुढे कामावर या एका बिंदूने इतकी भांडणं वाचवली की मी कुणालाही हेच सांगेन: जेसीबीने हलणार नाही असा बिंदू आधी ठरवा आणि त्याला रंग लावा.

महसूलकडचा भाग वेगळाच. तिथे प्रश्न एकच असतो: किती ब्रास, आणि माती कुठे जाणार? आमचं उत्तर होतं, ५० ब्रास, आणि प्लॉटबाहेर काहीही नाही. याबाबत कायदा आपल्या बाजूने आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पायासाठी काढलेली माती त्याच जागेवर वापरली तर केवळ ती खणली म्हणून स्वामित्वधन लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात दिला. त्यानंतर राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांमध्येही, प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीला वापरली तर स्वामित्वधन नाही, असं घातलं गेलं.

तरीही तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावाच. स्वामित्वधन लागत नाही याचा अर्थ कळवायची गरज नाही असा होत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला जेसीबी दिसतो, तुमचा काटछेद दिसत नाही. तक्रार झाली की पंचनामा होतो आणि तेव्हा माती बाहेर गेली नाही हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. आम्ही अर्जाला काटछेद, मातीचा हिशेब आणि काम सुरू होण्याआधीचे फोटो जोडले. मंडळ अधिकारी साहेब तलाठ्यांसह स्थळपाहणीला आले. त्यांनी एक बारीक गोष्ट विचारली, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. ब्रास कसा मोजलाय, जागेवरचा की डंपरमधला? ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. पण घट्ट जमीन खणली की फुगते, जागेवरचा एक ब्रास डंपरमध्ये सव्वापर्यंत जातो. आपण अर्जात लिहिलेले ५० ब्रास ढिगाऱ्यावर मोजले तर साठाच्या वर भरतील. म्हणून अर्जातच 'मूळ जमिनीच्या काटछेदानुसार' असे शब्द घातले. बाहेरून चांगला मुरूम आणायचा असेल तर प्रत्येक फेरीचा वाहतूक पास विकणाऱ्याकडून घेऊन जपून ठेवावा, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

या दोन्ही कार्यालयांत एक गोष्ट मला खटकली आणि अजूनही खटकते. महसूलच्या अर्जात ब्रास विचारतात. बांधकामाच्या अर्जात अंतरं, उंची, क्षेत्रफळ विचारतात. पाणी कुठे जाणार, हे आम्हाला कुणीही विचारलं नाही. बारा गुंठ्यांवर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख वीस हजार लिटर पाणी होतं, आणि कोकणात असा दिवस जुलैत अपवादाचा नसतो. सपाटी करण्याआधी हे पाणी गवतातून, झाडांच्या मुळांतून पसरून खाली जात होतं. आपण पायरी पाडली की ते एका जागी गोळा होतं, भरावात मुरतं आणि भराव जड करतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. मुसळधार पाऊस तर होताच, पण वरच्या उतारावर केलेली सपाटी आणि तिथे मुरलेलं पाणी याकडेही अभ्यासकांनी बोट दाखवलं. त्यानंतर २०२१ मध्ये महाडजवळचं तळिये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत, आमचा बारा गुंठ्यांचा तुकडा त्या डोंगरांच्या तुलनेत काहीच नाही. पण पाणी आणि उतार यांचं गणित लहान जागेत बदलत नाही. परवानगीच्या अर्जात पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा सक्तीचा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आम्ही तो न मागता जोडला आणि मंजूर संचात त्यावरही शिक्का घेतला. त्यामुळे ठेकेदाराला 'हे मंजूर नकाशात आहे' असं सांगता आलं.

नकाशा मंजूर होण्याआधी मी तो घेऊन काकींकडे गेले होते. त्या म्हणाल्या, "तुझं घर होऊ दे गो बाय, पण वरचं पाणी माझ्या पडवीत नको." त्यांचा मुलगा मात्र अस्वस्थ होता, कारण त्याने दुसरीकडे भराव सरकलेला पाहिला होता. त्याचं म्हणणं नुसत्या भीतीचं नाही, हक्काचं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये, आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो मिळत राहण्याचा अधिकार नोंदवलेला आहे. वरच्याने हवं तसं कापलं किंवा खालच्याने कड खणली, तर दुसऱ्याला दाद मागता येते. त्याच्याशी बोलून खालची भिंत हद्दीपासून आणखी आत घेतली आणि पाणी त्यांच्या परसाकडे न सोडता बाजूने पऱ्याला न्यायचं ठरवलं.

कामाचा हंगाम दसऱ्यानंतरचा. परवानग्यांना किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं, पण पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणार हे ठरलेलं असतं. म्हणून उलटा हिशेब करावा: मेच्या मध्याला भिंत, चर, माती सगळं पूर्ण हवं, तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच द्यायला हवेत. मार्चमध्ये परवानगी मिळाली तर त्या वर्षी फक्त चर खणून थांबणं शहाणपणाचं. अर्धवट कापलेली जमीन पावसाला देणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे.

पहिल्या दिवशी यंत्राने फक्त वरचा चर खणला, वरच्या पट्ट्याच्या पायथ्याशी, आडवा, हलक्या उताराने बाजूला नेलेला. भाऊंना हे उलटं वाटत होतं. "ताई, आधी लेव्हल करू, चर शेवटी मारतो." पण लेव्हल झाल्यावर वर यंत्र नेणं म्हणजे नवी माती तुडवणं. चर आधीच.

त्यानंतर वरची सुपीक माती आणि गवत खरवडून एका बाजूला ठेवलं. ही माती भरावात कधीही जाऊ देऊ नये. त्यातली मुळं कुजतात, पोकळी राहते, आणि गवताच्या थरावर टाकलेला भराव घसरायला तोच थर पुरतो. मग भरावाच्या जागी मूळ जमिनीत रुंद पायऱ्या कापल्या, नवा मुरूम त्या पायऱ्यांत अडकावा म्हणून. तिरक्या जमिनीवर नुसता ढीग लोटला तर तो तिरक्या फळीवर ठेवलेल्या धान्याच्या पोत्यासारखा राहतो: कोरडा असेपर्यंत जागेवर.

भराव वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी टाकला. प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. पाणी किती, हा इथला कळीचा प्रश्न. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनिअरने धरणांच्या कामातून दाखवून दिलं की प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो, ज्याला ती सर्वांत घट्ट दबते. त्याहून कोरडी असली तर दबत नाही, जास्त ओली असली तर रोलरखाली हलत राहते. आपल्याकडे ही चाचणी आयएस २७२० या भारतीय मानकाच्या सातव्या आणि आठव्या भागात आहे. प्रयोगशाळेत आमच्या मुरमाचा नमुना दिला, आलेल्या सर्वोच्च घनतेच्या ९५ टक्के तरी जागेवर मिळायला हवी असं ठरवलं आणि मधल्या थरांवर वाळू ओतून घनता मोजायची चाचणी घेतली. एका थरात ती कमी आली. थर उकरला, पाणी मारलं, पुन्हा दाबला. घरगुती कामात ही चाचणी जवळजवळ कुणी करत नाही. घराच्या एकूण खर्चापुढे तिचा खर्च अगदी किरकोळ आहे, करून घ्यावी.

मधल्या पायरीची कापणी दीड मीटरच्या पुढे जाणार होती, म्हणून तिथे माणसं उतरवताना खोदकामाच्या सुरक्षिततेचं मानक असलेल्या आयएस ३७६४ ची शिस्त पाळली: कडा उतरत्या ठेवायच्या किंवा टेकू द्यायचे, निघालेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची. काठावर ढीग आणि खाली माणूस हे दृश्य आपल्याकडे रोजचं आहे आणि त्यात दरवर्षी मजूर दबतात.

आधाराच्या भिंती दगडी, पाया मूळ मुरमात. भिंतीमागे वाळू आणि खडीचा उभा थर, भिंतीत पाणी झिरपायला पाइपचे तुकडे, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवलेले. अशा भिंती मातीच्या दाबापेक्षा मागे तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने जास्त पडतात. गिलावा करणाऱ्याने हे पाइप बुजवू नयेत म्हणून त्यांत आधीच लाकडी खुंट्या मारून ठेवल्या आणि गिलावा झाल्यावर काढल्या.

काम संपल्यावर सर्व्हेअरकडून पुन्हा पातळ्या घेतल्या. मूळ काटछेदावर नवा काटछेद काढून, कापणी आणि भराव जुळतात हे दाखवणारा कागद तहसील कार्यालयात देऊन पोच घेतली. इंजिनिअरबाईंनी भरावाच्या चाचण्या आणि भिंतींच्या पायाचे फोटो जोडून टिपण केलं. ते जोत्याच्या तपासणीच्या वेळी नगररचनेच्या फाइलला लागलं, आणि रंगवलेल्या कठड्यावरून मोजलेली जोत्याची पातळी मंजूर नकाशाशी जुळली.

निचऱ्याच्या नकाशाची एक प्रत काकींच्या मुलालाही दिली आहे. त्यावर लिहिलंय: वरचा चर आणि भिंतीतले पाइप दरवर्षी मेच्या शेवटी आम्ही साफ करायचे, बाजूच्या नाल्यात पालापाचोळा अडकला तर दोघांनी मिळून काढायचा, आणि पावसात भिंतीतून पाणी यायचं थांबलं किंवा गढूळ यायला लागलं तर लगेच फोन करायचा.